सपाट शहरातला हँडब्रेक

नोएडात चढ नाही. यमुना आणि हिंडन या दोन नद्यांच्या मधल्या गाळाच्या जमिनीवर हे शहर वसलं. १७ एप्रिल १९७६ रोजी त्याच्या विकास प्राधिकरणाची स्थापना झाली आणि सेक्टरांच्या आखीव चौकटीत कारखाने उभे राहत गेले. मी साताऱ्याकडचा. खंबाटकीच्या घाटात गाडी दमली की क्लीनर उडी मारून चाकामागे दगड लावायला धावतो, हे लहानपणापासून पाहिलेलं. गाडी उभी करायची म्हणजे हँडब्रेक ओढायचा, हे आमच्याकडच्या ड्रायव्हरला सांगावं लागत नाही. नोएडा फेज टूमधल्या एका कारखान्याच्या मालवाहू गाड्यांची देखभाल माझ्याकडे आली तेव्हा पहिल्यांदा नजरेत भरली ती हीच सवय नसणं. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायची, उतरायचं आणि फारच वाटलं तर चाकाखाली वीट सरकवायची, एवढ्यात इथलं पार्किंग आटोपतं.

पण सपाट शहरातही उतार असतात, आणि ते नेमके माल चढवण्या-उतरवण्याच्या जागी असतात. गोदामाचा रॅम्प, उंच सोसायटीच्या तळघरात उतरणारी वाट, कोंडी झालेला फ्लायओव्हर. रॅम्पवर गाडी मागे लावली जाते, फाळका पाडला जातो आणि पल्लेदार डोक्यावर माल घेऊन गाडीच्या मागे ये-जा करू लागतात. ड्रायव्हर तेव्हा बहुधा गाडीत नसतो. बिल्टीवर सही घ्यायला गेलेला असतो, नाहीतर चहाला. म्हणजे पायाचा ब्रेक ड्रायव्हरच्या जिवासाठी आहे असं धरलं, तर हँडब्रेक आहे गाडीमागे उभ्या असलेल्या माणसासाठी. आणि त्या माणसाला गाडीच्या अवस्थेबद्दल कुणीच काही विचारत नाही.

आमच्या ताफ्यातल्या सर्वांत जुन्या गाडीने हे मला नीट शिकवलं. हलक्या मालवाहू वर्गातली, सीएनजीवर चालणारी, यूपी १६ पासिंगची गाडी. दिल्लीच्या परिसरात जुन्या गाडीची गोष्ट वेगळी असते. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशाने आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने डिझेल गाडीला १० वर्षं आणि पेट्रोल गाडीला १५ वर्षं अशी मर्यादा घातली गेली. गौतम बुद्ध नगर जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात येतो, त्यामुळे नोएडालाही ती लागू झाली. पुढेही त्यावर आदेश येत राहिले, पण गाडीच्या आयुष्याला शेवटची तारीख असते ही गोष्ट मालकांच्या मनात पक्की बसली. त्याचा देखभालीवर होणारा परिणाम मी रोज पाहतो. शेवटची दोन-तीन वर्षं उरली की मालक म्हणतो, आता कशाला खर्च करायचा? इंजिन बंद पडलं तर दुरुस्ती होते, कारण त्यावाचून गाडी हलत नाही. हँडब्रेकवाचून गाडी उत्तम हलते, म्हणून तो यादीत सर्वांत खाली जातो.

या गाडीच्या दोन तक्रारी होत्या. एक, हँडब्रेकचा लिव्हर पार वरपर्यंत येतो तरी गाडी धरत नाही. दुसरी, मागचं डावं चाक तापतं. दोन्ही वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या ड्रायव्हरांनी सांगितलेल्या, त्यामुळे त्यांचा एकमेकींशी संबंध कुणी जोडला नव्हता. हँडब्रेकची केबल तर काही महिन्यांपूर्वीच नवी टाकलेली होती. सेक्टर ६९ मधल्या ट्रान्सपोर्ट नगरातले आमचे नेहमीचे मिस्त्री, आम्ही त्यांना उस्तादजी म्हणतो, बुलंदशहरकडचे, हाताला अतिशय साफ माणूस. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "तार खिंच गई होगी, नट कस देते हैं." नवी तार सुरुवातीला थोडी लांबते, हे खरंच आहे. पण तापणाऱ्या चाकाचं काय? केबल ताणल्यावर ते आणखी तापेल. मी म्हटलं, "उस्तादजी, नट नंतर कसू. पहले पहिया उठाके देखते हैं."

इथे ही यंत्रणा कशी चालते ते सांगायला हवं. मोठ्या ट्रकला हवेचा ब्रेक असतो. त्यात मागच्या चाकांचा पार्किंग ब्रेक एका जबरदस्त स्प्रिंगने लागलेला असतो आणि हवेचा दाब त्या स्प्रिंगला मागे धरून ठेवतो. हवा गेली की ब्रेक आपोआप लागतो. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८७२ च्या सुमारास रेल्वेसाठी जे तत्त्व आणलं, की दाब गेला तर गाडी थांबलीच पाहिजे, तेच तत्त्व इथे वेगळ्या रूपात दिसतं. हलक्या गाडीत उलटं असतं. तिथे ड्रायव्हर लिव्हर ओढतो, लिव्हर पुढची केबल ओढतो, ती चेसिसखालच्या इक्वलायझरला ओढते आणि इक्वलायझरपासून डाव्या-उजव्या चाकाकडे दोन केबली जातात. ड्रमच्या आत प्रत्येक केबल एक छोटा लिव्हर ओढते आणि तो दोन्ही शू फाकवून ड्रमला घट्ट लावतो. म्हणजे ब्रेक तारेच्या ताणावर उभा आहे. तार तुटली, ढिली पडली, आवरणात अडकली, तर ब्रेक निघून जातो आणि पॅनलवर त्याचा दिवा लागत नाही. मोठ्या ट्रकची यंत्रणा बिघडली तर गाडी जागची हलत नाही. हलक्या गाडीची बिघडली तर गाडी जागची हलते. म्हणूनच हलक्या गाडीकडे जास्त लक्ष द्यायला हवं, आणि होतं नेमकं उलट.

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले, मागचा एक्सल जॅकवर उचलून लोखंडी स्टँडवर ठेवला. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली आमच्याकडे कुणी जात नाही, हा नियम आहे. गिअर न्यूट्रल, लिव्हर पूर्ण खाली. उजवं चाक हाताने मोकळं फिरलं. डावं फिरवायला दोन्ही हातांचा जोर लागला. मग ड्रायव्हरला लिव्हर एकेक दात वर घ्यायला सांगितलं आणि मी खाली झोपून इक्वलायझरवर बॅटरी धरली. तो सरळ मागे-पुढे सरकायला हवा. तो डावीकडे तिरका होत होता. डावी केबल जास्त जागा खात होती. इक्वलायझरचं काम दोन्ही बाजूंना सारखा ताण देणं हे आहे, त्यामुळे डावी बाजू ताण घेत नाही तोवर उजवीलाही तो मिळत नाही. डावीकडची ढिलाई भरून काढण्यातच लिव्हरचे सगळे दात संपत होते. उजवं चाक ठणठणीत असूनही गाडी का धरत नव्हती, ते इथे कळलं.

मग डावी केबल इक्वलायझरपासून सोडवली. तारेचा ताण काढला, आता चाक मोकळं व्हायला हवं होतं. झालं नाही. उस्तादजी म्हणाले, "देखा, केबल नहीं है, ड्रम का काम है." हा तर्क वरवर बरोबर वाटतो, आणि बहुतेक गॅरेजमध्ये काम इथूनच भलत्या दिशेला जातं. चाक जाम धरून ठेवणाऱ्या गोष्टी तीन-चार असू शकतात. चाकातला हायड्रॉलिक सिलिंडर अडकला असेल, ब्रेकचा रबरी पाइप आतून फुगून तेल परत सोडत नसेल, ड्रममधल्या लिव्हरची पिन गंजली असेल, किंवा तार आवरणाच्या आतच अडकली असेल. पुढचं टोक सोडल्याने पहिल्या तीन शक्यता सिद्ध होत नाहीत आणि चौथी खोटीही ठरत नाही. आधी ब्लीडर निपल ढिला केला. तेलाचे चार थेंब आले, चाक तसंच राहिलं. म्हणजे दाब अडकलेला नव्हता.

ड्रम काढायला वेळ लागला, कारण शू त्याला घट्ट धरून होते. ब्रेक प्लेटच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालून ॲडजस्टर मागे फिरवावा लागला, तेव्हा ड्रम सुटला. आतली धूळ ओल्या फडक्याने पुसली. कॉम्प्रेसरच्या हवेने ब्रेकची धूळ उडवायची नाही हे मी प्रत्येक नव्या पोराला सांगतो. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात कायमचं बसतं. डाव्या चाकाच्या शूचं लायनर काचेसारखं चकचकीत झालं होतं आणि त्याला जळका वास होता. ऑइल सील मात्र कोरडं. आतला लिव्हर अर्धवट ओढलेल्या जागी उभा होता. स्क्रू ड्रायव्हरने दाबला की थोडा मागे जायचा आणि सोडला की पुन्हा पुढे यायचा. मग तारेचं टोक त्याच्यातून काढलं. लिव्हर लगेच सैलपणे आपल्या जागी गेला, पिन अगदी मोकळी. उस्तादजींनी तार पकडीने धरून ओढली, ढकलली. ती आवरणात रडत-खडत सरकत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "केबल ही है." चांगल्या कारागिराची खूण हीच की पुरावा समोर आला की तो आपलं मत बदलतो.

कुठल्याही गॅरेजमध्ये काम इथे संपलं असतं. केबल खराब, केबल बदला. पण ही केबल नवीच होती. काही महिन्यांत ती का मेली, हे न शोधता दुसरी टाकली असती तर तीही तशीच मेली असती, आणि मधल्या काळात आमचे पल्लेदार तिच्या भरवशावर रॅम्पवर उभे राहिले असते.

केबल पूर्ण बाहेर काढून फरशीवर सरळ मांडली आणि बोट फिरवत गेलो. टोकांचे रबरी बूट शाबूत. दुरुस्त्यांमध्ये बहुतेक वेळा बूट फाटलेला सापडतो, त्यातून पाणी शिरतं आणि तार गंजते. इथे ते नव्हतं. मध्यावर एके ठिकाणी मात्र प्लास्टिकचं आवरण घासून गेलेलं, आतलं पोलादी वेटोळं उघडं पडलेलं आणि त्याच्या खाचांतून तांबूस गंज बाहेर आलेला. त्याच जागी केबलला एक कायमचा बाक आला होता. टेपने टोकापासून ती जागा मोजली आणि तेच अंतर चेसिसवर मोजलं. टेप थांबली ती सीएनजी सिलिंडरच्या ब्रॅकेटच्या कोपऱ्यापाशी. त्याच्या अलीकडे चेसिसवर एक रिकामं भोक होतं. तिथे केबल धरणारी क्लिप असायला हवी होती.

सीएनजीच्या सिलिंडरची दर ३ वर्षांनी दाबाची चाचणी करून घ्यावी लागते आणि त्यासाठी तो गाडीवरून उतरवावा लागतो. उतरवताना कुणीतरी आड येणारी क्लिप काढली आणि सिलिंडर परत चढवताना ती बसवली नाही. एवढ्या एका क्लिपवर सगळं आलं. केबल लोंबकळली, ब्रॅकेटच्या कोपऱ्यावर घासत राहिली, पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून आणि सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्यातून त्या जखमेत पाणी शिरत राहिलं. आधीची केबलही अशीच गेली असणार, आणि तेव्हा कुणी वर मान करून ते रिकामं भोक पाहिलं नाही.

आवरणातून तार ओढून बल पोहोचवण्याची ही पद्धत अर्नेस्ट बोडन यांनी १८९६ साली पेटंट केली. सायकलच्या ब्रेकपासून ट्रकपर्यंत ती आजही तशीच आहे. तिचं मर्म तारेइतकंच आवरणात असतं. तार ओढली जाते तेव्हा आवरण दाबलं जातं. ते जागच्या जागी पक्कं धरलेलं नसेल तर ओढ तारेऐवजी आवरण हलवण्यात खर्च होते. आमच्या लिव्हरचे दात संपत होते ते यामुळे. शिवाय प्रत्येक वाकणाला घर्षण वाढतं, आणि ते सरळ बेरजेने वाढत नाही. घर्षणांक ०.१५ धरला आणि केबलची सगळी वळणं मिळून १८० अंश भरली, तर ड्रायव्हरने लावलेल्या जोरापैकी सुमारे ३८ टक्के वाटेतच जातो. गंजाने घर्षणांक दुप्पट झाला तर तेवढ्याच वळणांत ६० टक्क्यांहून जास्त जातो. लिव्हर हाताला घट्ट लागतो, ड्रायव्हरला वाटतं ब्रेक लागला, आणि चाकापर्यंत त्यातला निम्मा जोरही पोहोचलेला नसतो. परतीच्या वेळी तर ओढायला हात नसतो, फक्त स्प्रिंग असते. तिला गंजलेली तार मागे नेता येत नाही, शू ड्रमला घासत राहतो आणि चाक तापतं. दोन ड्रायव्हरांच्या दोन तक्रारींचं मूळ एकच होतं.

नवी केबल आणायला काश्मिरी गेटला गेलो. नोएडाहून ब्लू लाइनने राजीव चौक आणि तिथून यलो लाइन. काश्मिरी गेटच्या स्पेअर पार्टच्या बाजारात गाडीचं नाव सांगून केबल मागितली की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "व्हीलबेस कौनसा?" एकाच नावाची गाडी वेगवेगळ्या लांबीच्या चेसिसवर येते आणि केबलही बदलते. जुनी केबल सोबत नेणं सर्वांत चांगलं, पण ती वाकलेली-घासलेली असते, म्हणून मापं कागदावर घेतलेली बरी. दोन मापं लागतात. आवरणाची लांबी वेगळी आणि आवरणाबाहेर येणाऱ्या उघड्या तारेची लांबी वेगळी. एकूण लांबी जुळली पण उघडी तार कमी भरली, तर केबल बसते पण ब्रेक पूर्ण सुटत नाही. जास्त भरली तर नटाचे आटे संपतात आणि ताण येत नाही.

बसवताना उस्तादजींनी आधी क्लिप लावली, रबरी अस्तरासकट, आणि मगच केबल ओवली. ब्रॅकेटच्या कोपऱ्यापासून हाताचा पंजा जाईल इतकी मोकळी जागा ठेवली. एक्सलजवळ केबलला थोडी ढिलाई सोडली, कारण माल भरला की पाटे दबतात, एक्सल वर सरकतो आणि ताठ बसवलेली केबल त्या हालचालीत स्वतःच ब्रेक लावू किंवा सोडू शकते. आत नायलॉनची नळी असलेल्या केबलमध्ये आम्ही ग्रीस भरत नाही, ते धूळ धरून ठेवतं. लायनर दोन्ही चाकांची बदलली. एकाच बाजूची नवी घातली तर ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते.

जुळवणीचा क्रम फार महत्त्वाचा. आधी ड्रममधला ॲडजस्टर फिरवून शू ड्रमजवळ आणायचे, पायाचा ब्रेक दाबून ते जागेवर बसू द्यायचे आणि सगळ्यात शेवटी केबलचा नट. उलट केलं, म्हणजे झिजलेल्या शूची भरपाई केबल ताणून केली, तर लिव्हर वरवर छान लागतो. पण आतला लिव्हर कायम अर्धा ओढलेला राहतो, शू आपल्या मूळ जागी टेकत नाहीत आणि स्वयंचलित ॲडजस्टर असेल तर तोही काम करेनासा होतो. "नट कस दो" हा उपाय म्हणून वाईट नाही, तो पहिला असू नये इतकंच. लिव्हर खाली असताना दोन्ही चाकं हाताने मोकळी फिरतात हे पाहिलं आणि मगच गाडी खाली उतरवली.

शेवटची परीक्षा कारखान्याच्या रॅम्पवर घेतली, गाडी भरून. रिकाम्या गाडीवर घेतलेली हँडब्रेकची परीक्षा कुणाच्याच उपयोगाची नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रेकविषयक १३ क्रमांकाच्या नियमानुसार पूर्ण भरलेली गाडी १८ टक्के चढ-उतारावर पार्किंग ब्रेकने उभी राहिली पाहिजे, आणि त्यासाठी हाताने लावायचा जोर ६०० न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण ६१ किलोच्या भारापेक्षा, जास्त असता कामा नये. पाच टन भरलेली गाडी अशा उतारावर असेल तर तिला खाली ओढणारा जोर जवळपास ८८५ किलोच्या भाराइतका होतो. विटेची ताकद यावरून जोखावी. गिअरचाही भरवसा धरू नये. पुढचा ड्रायव्हर गाडी सुरू करायला बसतो, क्लच दाबतो आणि त्या क्षणी गिअरने धरलेलं सगळं सुटतं. आम्ही चाकांपासून थोडं अंतर ठेवून ठोकळे टाकले, गाडी न्यूट्रल केली, लिव्हर ओढला आणि ड्रायव्हरने पाय उचलला. तोंड वर करून आणि तोंड खाली करून, दोन्ही वेळा गाडी जागची हलली नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९६ वा नियम पायाचा ब्रेक आणि पार्किंग ब्रेक या दोन स्वतंत्र आणि सक्षम यंत्रणा मागतो. मालवाहू गाडीचं फिटनेस ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी करावं लागतं. पण ते एका दिवसाचं प्रमाणपत्र आहे. केबल उरलेल्या दिवसांत गंजते.

आमच्याकडे त्यानंतर तीन गोष्टी ठरल्या. सिलिंडर चाचणीहून परत चढला की हँडब्रेक केबलच्या क्लिपा मोजायच्या. ड्रायव्हरने लिव्हरच्या दातांत फरक सांगितला किंवा चाक तापल्याचं सांगितलं, तर दोन्ही तक्रारी एकाच पानावर लिहायच्या. आणि रॅम्पवर गाडी लागली की हँडब्रेक आणि लाकडी ठोकळा या दोन्हींशिवाय फाळका पाडायचा नाही. हा तिसरा नियम ड्रायव्हरांनाच नाही, पल्लेदारांनाही सांगितला आहे. ठोकळा दिसला नाही तर माल उचलू नका, मालक ओरडला तर माझं नाव सांगा, असं त्यांना सांगून ठेवलं आहे.

ज्यांच्याकडे एक जरी मालवाहू गाडी आहे, त्यांना माझी विनंती आहे. गाडीचं वय काहीही असो, तिला दोन महिने उरलेले असोत की दहा वर्षं, येत्या आठवड्यात ती भरलेली असताना एखाद्या उतारावर न्यायला सांगा, चाकांमागे ठोकळे ठेवा आणि हँडब्रेक धरतो का ते स्वतः उभं राहून पाहा. धरला नाही तर नट कसून मोकळे होऊ नका. तार बाहेर काढा, ती कुठे मेली ते शोधा आणि गाडीवर ती जागा दुरुस्त केल्यावरच नवी घाला. केबलचा खर्च गाडीच्या एका टायरच्या खर्चापुढे किरकोळ आहे.